योनाथानाप्रीत्यर्थ

(मननासाठीं वाचावा: २ शमुवेल, अध्याय ९)



आपल्या वऱ्हाडांत एखाद्या घरचा कर्ता मनुष्य वारला म्हणजे घरांतलें रडणें पुरतें थांबलेंही नसतें, तोंच दुसरी एक चिंता दाराशीं येऊन उभी राहते. तेरवीस किती पानें मांडावयाचीं? कोणास बोलवावयाचें, आणि कोणास वगळलें तर तो वर्षभर बोल लावील? अकोल्याहून मूर्तिजापुराकडे जा, बाळापुराकडे जा, कीं पातुराकडे जा. हा प्रश्न घरोघर एकच आहे. आपण ख्रिस्ती मंडळी म्हणतों कीं, आम्ही तेरवी सोडली. बंधूंनो, नांव सोडलें हें खरें. खर्च सोडला काय? तेरवीच्या जागीं स्मरणाची सभा आली, पिंडाच्या जागीं गीत आलें. परंतु मांडव तोच, पंगत तीच, आणि सावकाराची वहीही तीच. पंगतीसाठीं बैल विकला जातो, आणि मृग लागला म्हणजे त्याच घरच्या पोरानें शेजाऱ्याच्या दारीं जाऊन पेरणीस बैल मागावा लागतो.

ह्याच वऱ्हाडच्या मातींत, अमरावती जिल्ह्यांत, १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत गांवोगांव कीर्तनें करीत फिरले आणि कर्ज काढून सणवार व जेवणावळी करूं नका असें लोकांस कळवळून सांगत राहिले. ते आपल्या मंडळीचे नव्हते. परंतु त्यांचें तें सांगणें आपल्यालाही लागू आहे, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.

तरी, खर्च करूं नका, एवढेंच बोलून जो उपदेशक खालीं बसतो त्यानें अर्धेंच काम केलें. कारण प्रीति स्वस्थ बसत नाहीं. ज्या हातांनीं आजाऱ्यास पाणी पाजलें, कूस बदलविली, शेवटीं डोळे मिटविले, त्या हातांस माती दिल्यावर एकाएकीं कांहीं काम उरत नाहीं. तें रिकामपण सोसवत नाहीं म्हणूनच मनुष्य मांडव घालतो आणि दगड कोरवितो. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, ह्या प्रीतीस कोणतें काम द्यावें? ज्यास आपण मुकलों त्याचा मान कशानें राखला जातो? ह्याचें उत्तर आज वाचलेल्या अध्यायांत आहे.

योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडला तेव्हां दाविदानें विलाप केला. वस्त्रें फाडलीं, उपास केला, आपल्या मित्रावर एक विलापगीत रचलें आणि तें यहूदाच्या वंशास शिकविण्याची आज्ञा केली. कोणी म्हणेल, ह्याहून अधिक तें काय करावयाचें? परंतु दाविदाचें समाधान गीतानें झालें नाहीं. पुढें वर्षें लोटलीं, राज्य स्थिर झालें, शत्रु दबले, आणि एके दिवशीं त्यानें विचारिलें कीं, शौलाच्या घराण्यापैकीं कोणी उरला आहे काय, कीं योनाथानाप्रीत्यर्थ मी त्याजवर दया करावी? ह्या प्रश्नांतच आपला सारा धडा आहे. विलाप अश्रूंसाठीं होता. हा प्रश्न ऋणासाठीं होता.

पहिली गोष्ट ही पाहा कीं, दाविदानें शोध केला. मफीबोशेथ आपण होऊन राजवाड्याच्या दारीं आला नव्हता. तो पांच वर्षांचा असतां बापाच्या मरणाची बातमी आली, दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोहों पायांनीं लंगडा झाला. तो दूर लो-दबारास परक्याच्या घरीं लपून राहत होता. ज्यास खरी गरज आहे तो पुष्कळदां लाजेनें किंवा भयानें दूरच राहतो. मांडवांत जे येतात ते बहुधा घरीं जेवणारेच असतात.

दुसरी गोष्ट, दाविदानें त्याला भीक घातली नाहीं. त्याच्या आज्याची जमीन त्याला परत दिली, आणि ती कसण्यास सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर नेमून दिले. त्यानें एका दिवसाचें जेवण दिलें नाहीं. वर्षानुवर्षें पुरेल असें साधन दिलें.

तिसरी गोष्ट, त्यानें त्या लंगड्यास आपल्या पंक्तीस बसविलें. अध्यायाच्या अखेरीस शास्त्रलेखक दोन गोष्टी शेजारीं शेजारीं मांडतो: तो राजाच्या पंक्तीस नित्य जेवी, आणि तो दोहों पायांनीं लंगडा होता. पाय बरे झाले नाहींत. परंतु मान परत मिळाला.

ह्या शास्त्राचे पहिले धनी जे यहूदी लोक, त्यांनीं ही गोष्ट नुसती वाचून ठेविली नाहीं. तिची त्यांनीं रीत केली. दाविदानें जी दया म्हटली तिला इब्री भाषेंत हेसेद असा शब्द आहे. करार पाळणारी, न विसरणारी दया, असा त्याचा भाव. ज्यास आपण दानधर्म म्हणतों त्यास त्यांचा शब्द त्सदाका असा आहे, आणि त्याचें मूळ न्याय व नीति ह्या अर्थाचें आहे. आपल्या दान शब्दांत देणाराचा हात वर आणि घेणाराचा खालीं असतो. त्सदाका शब्दांत तसें नाहीं. तेथें देणारा आपलें देणें चुकवितो आणि घेणारा आपलें हक्काचें घेतो. बाराव्या शतकांत मोशे बेन मैमोन ह्या थोर यहूदी आचार्यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. मन मोडून दिलेलें दान सर्वांत खालचें. देणारास घेणारा ठाऊक नाहीं आणि घेणारास देणारा ठाऊक नाहीं, असें दान पुष्कळ वरचें. आणि सर्वांत वरची पायरी ही कीं, पडत्यास देणगी, उसनें, भागी किंवा काम देऊन असें उभें करावें कीं त्यास पुन्हां मागण्याची पाळी येऊं नये. सीबाच्या हातीं नांगर देणारा दावीद ह्याच पायरीवर उभा होता.

आतां त्यांच्या घरीं मरण आलें म्हणजे काय करितात तें ऐका. आप्तजन सात दिवस शोकास बसतात. आणि मूठमाती देऊन परतल्यावरचें पहिलें जेवण त्यांनीं आपल्या घरचें खावयाचें नसतें, तें शेजाऱ्यांनीं आणून वाढावयाचें असतें. बंधूंनो, ह्यांतला भेद ध्यानांत घ्या. आपण शोक करणाऱ्या घराकडून गांवास जेवण मागतों. तेथें गांव शोक करणाऱ्या घरास जेवूं घालतो. प्राचीन काळीं त्यांच्यांतही प्रेतसंस्काराचा खर्च इतका वाढला होता कीं, मरणाहूनही तो खर्च घरच्यांस जड होई, आणि कोणी कोणी प्रेत टाकून पळूनही जात, असें तालमुदांत नमूद आहे. तेव्हां रब्बान गमलीएल नांवाच्या थोर आचार्यानें, मला साध्या तागाच्या वस्त्रांत पुरा, अशी आपल्यापुरती आज्ञा केली. पुढें सारे लोक तीच चाल पाळूं लागले. एका थोराच्या साधेपणानें पुष्कळ गरिबांचें ओझें उतरलें. पुढें दरवर्षीं मृत्यूचा दिवस आला म्हणजे ते दिवा लावितात, देवाची स्तुति करितात आणि त्या मनुष्याच्या नांवानें गरिबांस कांहीं देतात.

यहूदी म्हणजे कोणी फार दूरचे लोक, असें समजूं नका. आतांच्या रायगड जिल्ह्यांत बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहिले. त्यांची घरची भाषा आपलीच मराठी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं शब्बाथ पाळीत, म्हणून गांवकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशास गेले. तरी मुंबईस, ठाण्यास व कोंकणांत त्यांचीं सभास्थानें आहेत. त्यांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत किनाऱ्याजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि लाटांनीं किनाऱ्यास लाविलेल्या आपल्या सोबत्यांस त्यांनीं अलिबागेजवळ नवगांवास पुरलें. म्हणजे ह्या महाराष्ट्राच्या भूमीवर त्यांच्या हातून घडलेलें पहिलें काम तें मृतांवरील दयेचें होय.

अशा दयेस यहूदी आचार्य सत्याची दया म्हणतात. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायांत याकोब मरतेवेळीं योसेफास बोलावून म्हणतो कीं, मजवर दया व सत्य कर, मला मिसरांत पुरूं नकोस. अकराव्या शतकांतील राशी नांवाच्या टीकाकारानें ह्याचा खुलासा असा केला कीं, मृतावर केलेली दया हीच खरी, कारण तिची फेड मिळण्याची आशा करणाराला नसते. रूथेच्या पुस्तकांतही नामी बवाजाविषयीं म्हणते कीं, त्यानें जिवंतांवर व मृतांवर दया करणें सोडलें नाहीं. बवाजानें काय केलें होतें? त्यानें थडगें बांधलें नव्हतें. मृताच्या विधवेस आपल्या शेतांत सरवा वेंचूं दिला होता, आणि गड्यांस सांगून तिच्यासाठीं मुद्दाम कणसें पाडविलीं होतीं.

ह्याच रीतीचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलें आहे. बगदादेहून येऊन १८३० नंतरच्या वर्षांत मुंबईस स्थायिक झालेला डेव्हिड ससून हा मोठा यहूदी व्यापारी. त्याचा पुत्र एलीया. ह्या एलीयाचा पुत्र योसेफ १८६८ सालीं दूर चीन देशांत शांघायास मरण पावला. बापाच्या हयातींत लेंकरूं जाणें ह्याहून जड ओझें कोणतें? एलीयाजवळ पैशाची वाण नव्हती. तो पुत्रासाठीं केवढाही मनोरा उभारूं शकला असता. त्यानें १८७८ सालीं मुंबईस चिंचपोकळी येथें यहूदी समाजास स्मशानभूमि दिली आणि ती योसेफाच्या स्मरणार्थ दिली. म्हणजे आपलें लेंकरूं गेलें तेव्हां त्यानें दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं विसाव्याची जागा केली. पुढें १८८० सालीं एलीया स्वतः वारला. त्याचा पुत्र याकोब आणि त्याचे भाऊ ह्यांनीं बापाच्या नांवानें १८८४ सालीं मुंबईच्या कोटांत सभास्थान बांधिलें. त्यास केनेसेथ एलियाहू, म्हणजे एलीयाची सभा, असें म्हणतात, आणि तेथें आजही प्रार्थना होते. बापानें पुत्रासाठीं केलें. तें पाहून पुत्रांनीं बापासाठीं केलें. लेंकरें आपलें भाषण शिकत नाहींत, आपली रीत शिकतात.

पुण्याची गोष्ट ह्याहूनही उघड आहे. डेव्हिड ससून १८६४ सालीं पुण्यास वारला. त्याची कबर तेथें यहूदी सभास्थानाच्या आवारांत आहे. त्या सभास्थानास पुणेकर लाल देऊळ म्हणतात. ती कबर किती लोकांनीं पाहिली असेल? परंतु त्याच्या देणगीनें उभें राहिलेलें व १८६७ सालीं सुरू झालेलें जें रुग्णालय, त्याचें नांव खेड्यापाड्यांतल्या गरिबाच्या तोंडीं आहे. आजाऱ्यास कोठें नेतां, असें विचारिलें तर तो म्हणतो, ससूनला. नांव दगडावर राहिलें तें थोडक्यांनीं वाचलें. नांव दयेवर राहिलें तें रडत्या मनुष्याच्या उपयोगीं पडलें.

तथापि सत्य झांकून ठेवणें हें उपदेशकाचें काम नव्हे. ह्या घराण्याचा पैसा कापसाचा होता तसा अफूचाही होता. हिंदुस्थानांतली अफू चिनांत नेऊन विकण्याच्या व्यापारांत ते मोठे धनी होते, आणि त्या अफूनें किती घरें बसलीं ह्याची गणती नाहीं. मग त्यांचें दान व्यर्थ काय? ज्या आजाऱ्यास तेथें खाट मिळाली त्याच्यासाठीं तें व्यर्थ नाहीं. परंतु आपण मात्र त्सदाका ह्या शब्दाचें मूळ विसरूं नये. न्याय हा देण्यांत असावा तसाच मिळविण्यांतही असावा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये, असें लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. तिचे पैसे अडकवून जो बापाच्या नांवानें पंगत घालतो, त्याच्या बापास त्यांत कोणता मान मिळाला?

हें मी दुसऱ्यांस सांगत नाहीं. आधीं माझें मला सांगत आहें. माझे वडील वारले तेव्हां मीही मांडव घातला. उसने पैसे काढले, दगड कोरविला, त्यावर वचन घातलें. वडिलांच्या हाताखालीं वीस वर्षें राबलेला एक म्हातारा सालदार होता. वडिलांच्या आजारांत रात्ररात्र तोच उशाशीं बसे. त्या दिवशीं तो मांडवाच्या कडेला बसून राहिला आणि शेवटच्या पंगतीस जेवला. मी पाहुण्यांच्या मागें होतों. त्याला मी दोन शब्दही बोललों नाहीं. पुढें पावसाळ्यांत त्याच्या घराची भिंत खचली, आणि मला तें महिन्यानें कळलें. मी गेलों तेव्हां तो मलाच म्हणाला, बापू, तुमच्यावर कर्ज झालें असेल, म्हणून निरोप धाडला नाहीं. बंधूंनो, त्या रात्रीं मीं हा अध्याय उघडला, आणि मफीबोशेथ कोण व लो-दबार कोठें, हें मला कळलें. दगड चकचकीत होता. पण वडिलांचें ज्यावर प्रेम होतें तो मनुष्य पावसांत होता. ती भिंत पुढें आम्ही दोघांनीं मिळून उभारली. माझ्या वडिलांची खरी स्मरणसभा त्या दिवशीं झाली, असें मी मानतों.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, आपल्या दानानें मृताचा हिशेब बदलतो. तो देवाच्या हातीं आहे, आणि त्याहून चांगला हात नाहीं. यहूदी बंधूंची ह्या बाबतींतली समजूत कांहीं अंशीं निराळी आहे. आपण मृतासाठीं पुण्य विकत घेण्यास देत नाहीं, तर मृताच्या द्वारें देवानें आपणांस जें दिलें त्याचे आभार मानण्यास देतों. योनाथानाप्रीत्यर्थ म्हणजे योनाथानाच्या तारणासाठीं नव्हे, त्याच्या प्रीतीमुळें. ती प्रीति मरणानें संपली नाहीं, म्हणून तिचें कामही संपलें नाहीं.

तर मग आपल्या मंडळींत काय करावें? पहिलें हें कीं, घरांत मृत्यु झाला म्हणजे पानें किती, हा प्रश्न मागें ठेवून दाविदाचा प्रश्न पुढें ठेवावा: कोण उरलें आहे? त्याची विधवा बहीण, त्याचा जुना गडी, ज्याला त्यानें शब्द दिला होता आणि जो शब्द पुरा व्हावयाचा राहिला, तो कोण? दुसरें, आधीं मृताचीं देणीं व मजुरी चुकवावी, मग दान करावें. तिसरें, मंडळीनें त्या घरीं जेवावयास न जातां भाकर घेऊन जावें. पहिल्या दिवशीं शेजारी चुलीची काळजी घेतात, ही चाल आपल्याकडेही आहे, तीच वाढवावी. चौथें, जें द्यावयाचें तें असें द्यावें कीं घेणारा उभा राहील: एखाद्या पोराची शाळेची फी, एखाद्या विधवेस शिवणाचें यंत्र, कोणास शेळी, कोणास पेरणीचें बीं. आणि तें उघड्या मांडवांत नव्हे, संध्याकाळीं त्याच्या घरीं जाऊन द्यावें. आणि वर्ष फिरून तोच दिवस आला म्हणजे पुन्हां द्यावें.

कोणी बहीण म्हणेल, माझें लेंकरूं गेलें आणि माझ्याजवळ देण्यास कवडी नाहीं. बाई, यापो नगरांतली टबीथा आठवा. ती वारली तेव्हां विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवूं लागल्या. तिच्या नांवाचा दगड कोणी दाखविला नाहीं. अंगावरचीं वस्त्रें दाखविलीं. तुझ्या लेंकराच्या वाटची जी माया तुझ्या हातांत शिल्लक आहे, ती गांवांतल्या एखाद्या पोरक्या मुलाच्या केसांवरून फिरव. कापूस वेंचावयास जातेस ना? तुझ्या पातीच्या शेजारची म्हातारी मागें राहिली तर तिचीं चार बोंडें वेंचून तिच्या ओटींत टाक आणि मनांत आपल्या लेंकराचें नांव घे. हाही हेसेदच होय, आणि त्याची नोंद ज्यानें ठेवावयाची तो ठेवतो.

प्रार्थना: हे दयाघना बापा, ज्यांस तूं आम्हांपासून बोलावून नेलेंस त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतों. आमचे अश्रु तुला ठाऊक आहेत. लोकलज्जेचें ओझें आमच्या खांद्यांवरून उतरीव आणि प्रीतीचें ऋण आमच्या मनांत जागें ठेव. आमच्या गांवांत लो-दबार कोठें आहे तें आम्हांस दाखीव, आणि तेथें जो लपून बसला आहे त्यास आमच्या पंक्तीस आण. आमेन.